‘१९८४’मधलं बंडाचं गाणं नेमकं कोणतं?

मंद्र

ऑर्वेलची ‘१९८४’ मी या महिन्यात तिसऱ्यांदा वाचली. पहिल्या वाचनात टेलिस्क्रीन (घराघरांत पाहणारा-ऐकणारा सरकारी पडदा) आणि उंदरांचा पिंजरा सोडून फारसं काही लक्षात राहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी भाषेकडे लक्ष गेलं. या खेपेला मात्र मी गाण्यांपाशी अडकले आणि अजून सुटलेले नाही. मी लहान मुलांना गाणं शिकवते. म्हणूनच असेल, पण कादंबरीत कोणी गुणगुणायला लागलं की माझं वाचन थांबतं.

ज्यांना कादंबरी वाचून बरीच वर्षं झाली असतील त्यांच्यासाठी दोन प्रसंग सांगते.

सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या पक्षाच्या राज्यात चोरून प्रेम करणाऱ्या विन्स्टन आणि ज्युलियाने चॅरिंग्टनच्या जुन्या वस्तूंच्या दुकानावरची खोली घेतली आहे. खिडकीखाली अंगण आहे आणि अंगणात एक धिप्पाड, लाल हातांची बाई बाळाचे धुतलेले लंगोट दोरीवर घालते आहे. तिच्या तोंडात कपड्यांचे चिमटे आहेत. चिमटे तोंडात असेपर्यंत गाणं बंद. ते दोरीला लागले की तोंड मोकळं होतं आणि राहिलेली ओळ पुढे सुरू होते. आधीच्या दोन्ही वाचनांत मी हे चिमटे ओलांडून पुढे गेले होते. आता मला तो सगळ्या कादंबरीतला सगळ्यात खरा क्षण वाटतो, कारण काम करणारी माणसं अशीच गातात, हात आणि श्वास जेवढी सवड देतील तेवढं.

आणि ती गाते काय? सामान्य लोकांच्या करमणुकीसाठी सरकारने पुरवलेलं एक प्रेमगीत. ते कोणा कवीने लिहिलेलं नाही. ‘व्हर्सिफिकेटर’ नावाच्या यंत्रातून अशी गाणी पाडली जातात, माणसाचा हात न लागता. शब्द अगदी टाकाऊ आहेत आणि विन्स्टनला ते कळतं. तरीही ती इतक्या सुरात, इतक्या मनापासून गाते की तो कचरासुद्धा त्याला जवळजवळ गोड लागायला लागतो. तेव्हाच त्याच्या मनात येतं की पक्षाच्या माणसाला एकट्याने, आपल्या लहरीने गाताना आपण कधीच ऐकलेलं नाही.

आता दुसरं गाणं. लंडनच्या चर्चच्या घंटांवरचं ‘ऑरेंजेस अँड लेमन्स’ हे जुनं बालगीत. क्रांतीआधीच्या जगाचा पुरावा म्हणून विन्स्टन ते ओळीओळीने गोळा करतो. सुरुवात चॅरिंग्टनकडून मिळते. एक ओळ ज्युलियाला आठवते. तिच्या आजोबांनी ती शिकवलेली, आणि ती आठ वर्षांची असताना आजोबा ‘नाहीसे’ केले गेले. कडव्याची शेवटची ओळ ओब्रायन पुरी करतो. चॅरिंग्टन हा विचार-पोलिसांचा माणूस आहे. ओब्रायन हा पक्षाचा बडा अधिकारी, पुढे विन्स्टनचा छळ करणारा. म्हणजे लोकांच्या खऱ्याखुऱ्या आठवणीतलं गाणं तिघांच्या तोंडून आलं आणि तिघांपैकी दोघं सरकारचे. अटकेच्या वेळी, भिंतीवरच्या चित्रामागे दडवलेला टेलिस्क्रीन उघडा पडतो तेव्हा, त्याच गीतातली मुंडकं उडवण्याची ओळ चॅरिंग्टनच्याच आवाजात ऐकू येते.

अस्सल गाणं सापळा ठरतं आणि नकली गाण्यात आशा दिसते, असं हे उलटं गणित आहे. मी मुलांना नेहमी सांगत आले की पिढ्यान्‌पिढ्या आलेलं गाणं ही लोकांची ठेव आहे, ती कोणाला हिसकावून घेता येत नाही. ऑर्वेल माझ्या तोंडावर सांगतो की ती ठेव पोलिसांच्याच कपाटात आहे.

तर प्रश्न असा: गाण्यात बंड नेमकं असतं कुठे? शब्दांत, चालीत, की गाणाऱ्याच्या गळ्यात? दुसऱ्या दुःस्वप्नराज्याच्या कादंबऱ्यांत काय दिसतं आणि खऱ्या हुकूमशाह्यांत काय घडलं? ‘संगीत म्हणजे स्वातंत्र्य’ एवढ्याने माझं समाधान होणार नाही. जाणकारांनी खऱ्या गाण्यांबद्दल लिहावं ही विनंती.

जुनी_नोंदवही

मंद्र, तुम्ही ज्या गाठीवर बोट ठेवलंत ती ऑर्वेलच्या आधीची आहे. येवगेनी झाम्यातिनची ‘वी’ (म्हणजे ‘आम्ही’) १९२०-२१ मध्ये लिहिली गेली. ऑर्वेलने ती फ्रेंच अनुवादात वाचली आणि १९४६ मध्ये तिच्यावर लेखही लिहिला. यंत्राने संगीत तयार करण्याची कल्पना त्या कादंबरीत आहेच. एका व्याख्यानात नागरिकांना अभिमानाने सांगितलं जातं की या यंत्राचा दांडा फिरवला की कोणालाही तासाला तीन सोनाटा तयार करता येतात. पूर्वीच्या बिचाऱ्या माणसांना त्यासाठी ‘प्रेरणा’ नावाचा झटका यावा लागत असे!

मग त्या मागासलेपणाचा नमुना म्हणून जुना पियानो मंचावर आणतात. आय-३३० ही बाई (या राज्यात माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत) जुन्या काळचा झगा घालून बसते आणि रशियन संगीतकार स्क्र्याबिनची रचना वाजवते. सभागृह हसतं. कथा सांगणारा डी-५०३ हासुद्धा हसायला जातो, पण त्याला हसू येत नाही. त्याला आत कुठेतरी दुखायला लागतं, आणि ते दुखणं त्याला हवंहवंसं वाटतं. त्याचा विचार बिघडतो तो तिथून.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने यातली पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. आय-३३० बंडखोरांच्या गटातली आहे. डी-५०३ हा अंतराळयान बांधणारा मुख्य अभियंता आणि तिच्या गटाला ते यान ताब्यात घ्यायचं आहे. म्हणजे इथेही जुनं संगीत गळाला लावलेलं आमिषच झालं. फरक एवढाच की गळ बंडखोरांच्या हातात आहे. झाम्यातिनने आपल्या बाजूच्या माणसांनाही सूट दिली नाही, म्हणून मी त्याला ऑर्वेलपेक्षा काकणभर वर मानतो.

तो स्वतः जहाजं बांधणारा अभियंता होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियासाठी बर्फफोडी जहाजं इंग्लंडमध्ये बांधली जात होती, त्यांच्या कामावर देखरेख करायला तो तिकडे गेला होता. यंत्राची भूल काय असते हे त्याला आतून माहीत होतं. कादंबरी इंग्रजीत १९२४ मध्ये आली. त्याच्या स्वतःच्या देशात ती छापली गेली १९८८ मध्ये.

शेवट वाचला नसेल तर हा परिच्छेद सोडा. राज्याला अखेर कळतं की रोग कल्पनाशक्तीत आहे. मग मेंदूतलं तेवढं केंद्र क्ष-किरणांनी जाळून टाकण्याची शस्त्रक्रिया सक्तीची होते. ती झाल्यावर डी-५०३ आय-३३०चा छळ शांतपणे बसून पाहतो. कोणाचीही तार आता त्याच्या आत वाजत नाही.

खरखर

क्ष-किरणांचा उल्लेख वाचून मी उठलो आणि कपाटातून माझी एक चीज काढली. ती समोर ठेवून हे लिहितो आहे.

मी जुन्या ध्वनिमुद्रिका जमवतो. ही मुद्रिका मला एका संग्राहक मित्राने दिली. कागदासारखी लवचिक, साधारण गोल, कडा कात्रीने कापल्यासारखी वाकडीतिकडी. दिव्यासमोर धरली की बरगड्या दिसतात. कोणा अनोळखी माणसाच्या छातीच्या एक्स-रे फिल्मवर गाणं कोरलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमध्ये अशा मुद्रिका चोरून बनायला लागल्या. लोक त्यांना ‘बरगड्या’ किंवा ‘हाडांवरचं संगीत’ म्हणत. रुग्णालयांना जुन्या फिल्म नकोच असायच्या, त्या फुकट किंवा क्षुल्लक पैशांत मिळत. मुद्रणयंत्र घरीच जुळवलेलं असे. मधलं भोक बहुतेकदा जळत्या सिगारेटने पाडत.

माझ्या मुद्रिकेचं भोक मध्यापासून केसभर सरकलेलं आहे. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला सूर थोडा चढतो आणि उतरतो, बोटीत बसून ऐकावं तसा. एकाच बाजूला गाणं, तेही खरखरीच्या मागून येणारं. सुई दर वेळी थोडी फिल्म खरवडून नेते, म्हणून मी ती आजवर चारच वेळा लावली आहे. विकत घेणाऱ्यालाही माहीत असायचं की आपण थोड्याच खेपांचं गाणं घेतो आहोत.

आता मंद्र यांच्या प्रश्नाकडे येतो. या बरगड्यांवर काय कोरलं जात होतं? क्रांतीची गीतं नव्हेत. जॅझ, टँगो आणि देश सोडून गेलेल्या रशियन गायकांची विरहगीतं. सगळ्यात जास्त मागणी असलेल्यांपैकी एक होता प्योत्र लेश्चेन्को, टँगो गाणारा. त्याची गाणी म्हणजे काळे डोळे, निरोप, एकटेपण. पुढे १९५१ मध्ये त्याला रुमानियात पकडलं आणि १९५४ मध्ये तो तिथल्या तुरुंगातच वारला. लेनिनग्राडमधले नामवंत मुद्रक रुस्लान बोगोस्लोव्स्की आणि बोरिस ताइगिन १९५० मध्ये पकडले गेले. स्तालिनच्या मृत्यूनंतर सुटले आणि सुटल्यावर पुन्हा त्याच कामाला लागले. घरोघरी टेपरेकॉर्डर आले तेव्हा कुठे हा उद्योग थांबला.

म्हणजे त्या अंगणातल्या बाईच्या गाण्याइतकीच साधी, रडकी, प्रेमाची गाणी. शब्द तपासायला बसलात तर बंडाचा एक कणही हाती लागणार नाही. पण हे गाणं मिळवायला तुम्ही रस्त्याच्या कोपऱ्यावर एका अनोळखी माणसाच्या बाहीतून एक्स-रे काढून घेतलेला असतो. घरी येऊन खिडकी लावलेली असते. गाणं वाजण्याआधीच तुम्ही एक गोष्ट ठरवून मोकळे झालेले असता. माझ्या मते बंड तिथे होतं.

अवांतर: वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत सरकारी नभोवाणीच्या संग्रहातल्या मुद्रिकांवर नको असलेलं गाणं टोकदार हत्याराने रेघ ओढून निकामी करून ठेवत. एखाद्या निवेदकाने चुकूनही लावू नये म्हणून. त्या मुद्रिकेवरचं बाकी सगळं शाबूत आणि एकाच पट्ट्यावर ओरखडा. मी त्याची छायाचित्रं पाहिली आहेत. मुद्रिकेची काळजी घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते पाहून गोळा येतो.

मंद्र

खरखर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बोटीत बसून ऐकावं तसा सूर, हे मला कानात ऐकू आलं.

पण मग एक शंका येते. साध्या प्रेमगीताला बंदीनेच बंड बनवलं असेल तर शहाण्या सरकारने बंदी घालूच नये, सगळं वाजू द्यावं. ऑर्वेलचं सरकार तेच करतं आहे. ज्या गाण्यांना सरकारने स्वतः परवानगी दिली आणि तरीही ती हातातून निसटली, अशी उदाहरणं आहेत का?

दुभाषी

आहेत, आणि सगळ्यात चांगली पोर्तुगीज भाषेत आहेत. मी त्या भाषेतून मराठीत अनुवाद करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

ब्राझीलमध्ये १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि १९६८च्या डिसेंबरात उरलंसुरलं स्वातंत्र्यही काढून घेतलं. त्याच महिन्यात काएतानो वेलोझो आणि जिल्बेर्तो जिल या गायकांना अटक झाली. पुढे दोघं लंडनला परागंदा झाले. गाणं बाहेर काढायचं तर आधी त्याचे शब्द टंकलिखित करून सेन्सॉरकडे पाठवावे लागत. १९७० मध्ये शिको बुआर्कीने ‘आपेझार जी वोसे’ पाठवलं. अर्थ: ‘तू असूनही’. वरवर पाहता रुसलेल्या प्रियकराचं गाणं. आज तुझा हुकूम चालतो आहे, पण तू असूनही उद्याचा दिवस वेगळा उजाडेल. सेन्सॉरने शिक्का मारला. सुमारे एक लाख प्रती विकल्या गेल्या आणि लोक रस्त्यात गायला लागले, तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की हा ‘तू’ म्हणजे राष्ट्राध्यक्ष जनरल मेदिसी. मग बंदी आली, प्रती जप्त झाल्या. चौकशीत हा ‘तू’ कोण असं विचारल्यावर शिकोने सांगितलं म्हणतात की ती एक फार हुकूमशहा स्वभावाची बाई आहे.

हे गाणं मी मराठीत आणायला बसले आणि दुसऱ्याच शब्दाला हात टेकले. पोर्तुगीज ‘वोसे’ला लिंग नाही आणि तिथलं क्रियापदही ते उघड करत नाही. मराठीत मला ‘आज तू हुकूम सोडतोस’ किंवा ‘सोडतेस’ यातलं एक लिहावंच लागतं. ‘सोडतोस’ लिहिलं की जनरल उभा राहतो, ‘सोडतेस’ लिहिलं की प्रेयसी. गाण्याचा सगळा जीव या दोघांच्या मधल्या जागेत आहे आणि मराठी मला तिथे उभं राहू देत नाही. आठवडाभर झगडून मी तो अनुवाद बाजूला ठेवला. सेन्सॉर कुठे फसला हे मात्र मला त्या आठवड्यात कळलं. त्याच्यासमोर कागद होता. त्या ‘तू’मध्ये कोण बसतं हे ऐकणाऱ्यांनी ठरवलं, आणि ऐकणारे त्याच्या टेबलावर नव्हते.

पुढे सेन्सॉरही शहाणा झाला. ‘कालिसे’ म्हणजे पेला, पण उच्चारताना ते ‘तोंड बंद कर’ असंही ऐकू येतं. शिको आणि जिलचं हे गाणं १९७३ मध्ये अडवलं गेलं. दोघांनी मंचावर शब्द गाळून नुसती चाल आणि तेवढा एकच शब्द म्हणायचं ठरवलं, तर एकामागून एक ध्वनिक्षेपक बंद केले गेले. गाणं मुद्रिकेवर आलं १९७८ मध्ये. मधल्या काळात शिकोचं नाव दिसलं की कागद परत येत, म्हणून त्याने ‘जुलिन्यो दा आदेलाइदे’ नावाचा गीतकारच कल्पनेतून उभा केला आणि त्याच्या नावाने गाणी मंजूर करून घेतली.

पण मंद्र, तुमच्या अंगणातल्या बाईच्या सगळ्यात जवळचं उदाहरण पोर्तुगालचं आहे. २४ एप्रिल १९७४च्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या रेडिओवर ‘ई देपोइश दू अदेउश’ लागलं. पाउलो दे कार्वाल्योचं प्रेमभंगाचं गाणं. त्याच महिन्यात ते युरोव्हिजन स्पर्धेत पोर्तुगालतर्फे गायलं गेलं होतं आणि ३ गुण मिळवून तळाला राहिलं होतं. बंडाच्या तयारीत बसलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांसाठी तो पहिला इशारा होता. त्यांना असंच गाणं हवं होतं, जे लागल्यावर कोणाचीही भुवई वर जाणार नाही. मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी दुसरा इशारा आला, झेका आफोन्सोचं ‘ग्रांदोला, विला मोरेना’, आणि रणगाडे हलले. दुसऱ्या दिवशी ४८ वर्षांची हुकूमशाही कोसळली.

‘ग्रांदोला’ची मूळ मुद्रिका ऐका. वाद्य एकही नाही. सुरुवातीला फक्त खडीवरून चालणारी पावलं आहेत, सरकत, एका लयीत. १९७१ मध्ये फ्रान्समध्ये मुद्रण करताना गायकांनी खरोखर खडीवर चालून तो आवाज घेतला. मग एकट्याचा आवाज येतो आणि पुढच्या कडव्यात सगळे. आफोन्सोच्या कितीतरी गाण्यांवर बंदी होती. हे एका गावातल्या बंधुभावाचं गाणं, म्हणून सुटलं होतं.

जुनी_नोंदवही

दुभाषी यांच्या मुद्द्याला जोड. चेकोस्लोव्हाकियातला ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा बँड १९६८ मध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू झाला. त्यांची गाणी राजकीय नव्हती. विक्षिप्त होती, काही अश्लील म्हणावीत अशी होती. १९७० मध्ये वाजवण्याचा परवाना काढून घेतला तर ते लग्नसमारंभांत आणि खेड्यातल्या कोठारांत वाजवायला लागले. १९७६ मध्ये पकडले गेले आणि ‘शांतताभंगा’साठी खटला चालला. त्यांचे कलासल्लागार इव्हान यिरोउस यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. नाटककार वात्स्लाव हावेल तो खटला पाहायला गेला होता. त्या खटल्याच्या निषेधातून माणसं एकत्र आली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘चार्टर ७७’ हा मानवी हक्कांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. १९८९च्या अखेरीस हावेल राष्ट्राध्यक्ष होता.

आपल्याकडेही आणीबाणीत किशोर कुमारच्या गाण्यांवर १९७६ मध्ये आकाशवाणीने बंदी घातली, ती त्यातल्या शब्दांमुळे नव्हे. सरकारी प्रचारासाठी गायला त्याने नकार दिला म्हणून त्याची साधी प्रेमगीतंही बंद झाली.

उलटा_सूर

मला इथे थोडं थांबवावंसं वाटतं. सगळे प्रतिसाद एकाच दिशेने चालले आहेत की अर्थ ऐकणाऱ्याच्या हातात असतो आणि सरकार हतबल असतं. चिलीचा गायक व्हिक्टर हारा याच्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. ११ सप्टेंबर १९७३ला चिलीत लष्कराने सत्ता घेतली. हाराला सान्तियागोच्या बंदिस्त क्रीडागृहात हजारो लोकांबरोबर कोंडलं, मारहाण केली आणि काही दिवसांत गोळ्या घातल्या. शरीरात ४०हून जास्त गोळ्या होत्या. तिथे शब्दांचा दुहेरी अर्थ लावत बसायला कोणाला वेळ नव्हता. आज त्या क्रीडागृहाला त्याचं नाव आहे. पण ते दिलं गेलं २००३ मध्ये. तीस वर्षं लागली.

आणि अर्थ बदलण्याची कला सरकारलाही येते, बंडखोरांनाही येते. ‘हंगर गेम्स’ या कादंबरीमालेच्या तिसऱ्या भागात नायिका कॅटनिस वडिलांनी शिकवलेलं फाशीच्या झाडाचं गाणं म्हणते. लहानपणी आईने ते म्हणायला बंदी केली होती, इतकं ते भीषण आहे. मेलेला प्रियकर प्रेयसीला फासाकडे बोलावतो आहे. कॅटनिस गाते तेव्हा शेजारी बंडखोरांचा कॅमेरा चालू असतो आणि गाणं प्रचारपटाचा माल होतं. कादंबरीत गळ्यात दोराचा हार आहे, सिनेमातल्या गाण्यात तोच ‘आशेचा हार’ झाला. एक शब्द बदलला आणि थंडगार शोकगीताचं रणगीत झालं. ते ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला. नंतर त्या काट्याचाच मला राग आला.

हेही मान्य करतो की त्याच कथेतली तीन बोटांची खूण २०१४च्या लष्करी उठावानंतर थायलंडमध्ये लोकांनी रस्त्यावर उचलली आणि ती केल्याबद्दल खरीखुरी अटक झाली. ‘पिंक फ्लॉइड’चं शाळेविरुद्धचं गाणं इंग्लंडमध्ये निघालं, पण १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शाळांवर बहिष्कार टाकलेल्या मुलांनी ते आपलं केलं आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. त्या मुलांना बँडशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना ती ओळ हवी होती.

पण मंद्र, तुम्ही ‘१९८४’मधलं तिसरं गाणं सोडलंत. छळानंतर सुटलेला विन्स्टन जिथे बसून असतो त्या चेस्टनट ट्री कॅफेमध्ये टेलिस्क्रीनवर लागतं ते. तू मला विकलंस, मी तुला विकलं. कुचेष्टेच्या सुरात. ते ऐकून फुटलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं. तेही सरकारी यंत्रणेतूनच आलेलं गाणं आहे आणि ऐकणारा त्याचा अर्थ अगदी बरोबर लावतो आहे, कारण तो अर्थ त्याच्या अंगावर कोरलेला आहे. अंगणातल्या बाईला जे मोकळेपण मिळालं ते विन्स्टनला का मिळालं नाही, याचं उत्तर तुमच्या मांडणीत कुठे बसतं?

मंद्र

उलटा_सूर, मी ते गाणं सोडलं नव्हतं, टाळलं होतं. तुमचा प्रश्न वाचून काल रात्री पुन्हा पुस्तक उघडलं.

मला दिसलं ते असं. ती बाई काम करत गाते आहे. तिच्या तोंडात चिमटे आहेत, दोरी आहे, ओले कपडे आहेत. गाणं तिच्या श्वासावर चाललं आहे, म्हणून यंत्राने लिहिलेलं असलं तरी ते तिचंच होतं. कॅफेमध्ये विन्स्टन गात नाही. त्याच्यासमोर नुसतं लावलं जातं आणि तो ऐकतो. त्या सगळ्या प्रकरणात तो एकदाही तोंड उघडून सूर लावत नाही. आणि बालगीतसुद्धा त्याने गायलं नाही, फक्त गोळा केलं. चॅरिंग्टनच्या दुकानातून घेतलेल्या काचेतल्या पोवळ्याच्या तुकड्यासारखं ते जपून ठेवलं. दुभाषी यांनी लिहिलेल्या लिस्बनच्या पावलांपासून खरखर यांच्या बरगडीपर्यंत प्रत्येक ठिकाणी कोणीतरी काहीतरी करत होतं. चालत होतं, कापत होतं, भोक पाडत होतं.

हाराच्या बाबतीत मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तिथे तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही आणि खोडायचंही नाही.

माझ्या मुलांना मी आता ‘ठेव’ हा शब्द सांगणार नाही. सोमवारपासून एक गाणं बसवते आहे, त्यातली शब्दांची वही काढून घेणार आहे. हातात काहीतरी काम देऊन गायला लावायचं आणि श्वास कुठे तुटतो ते बघायचं.

आणि एक गोष्ट जी तीन वाचनांत मला दिसली नव्हती. अटकेच्या क्षणी खोलीतल्या दोघांच्या आधी अंगणात काहीतरी घडतं. विन्स्टन खिडकीतून त्या बाईकडे बघून नुकताच म्हणत असतो की भविष्य तिच्यासारख्यांचं आहे. मग लपवलेल्या टेलिस्क्रीनचा आवाज येतो, खाली बुटांची धावपळ सुरू होते आणि तिचं गाणं मध्येच तुटतं. धुण्याचं टब फरशीवरून भिरकावल्यासारखा लांबलचक खणखणाट होतो, आरडाओरडा होतो आणि एक वेदनेची किंकाळी. त्यानंतर पोलीस खोलीत घुसतात आणि कादंबरी विन्स्टनबरोबर निघून जाते. त्या बाईचं काय झालं ते ऑर्वेल पुढे कुठेही सांगत नाही. मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं.